निळं दूध

ज्या वर्षी तिच्या धाकट्या भावाला जुळ्या मुली झाल्या आणि घराची पुढची खोली दुपट्यांनी, बाटल्यांनी आणि रडण्याने भरून गेली, त्याच वर्षी ती कामाला होती त्या डेअरीने तो नियम लावला. मुली उन्हाळ्याच्या तोंडावर झाल्या आणि नियम त्यानंतर थोड्याच दिवसांनी आला, म्हणून तिच्या डोक्यात दोन्ही गोष्टींची एकच गाठ बसली होती. नियम साधा होता. कामावरच्या दोन माणसांत जवळीक असेल तर त्यांनी ती कंपनीला कळवायची. त्यातला एक जण दुसऱ्याचं काम तपासत असेल तर दोघांपैकी एकाने जागा बदलायची. लपवलं आणि उघडकीला आलं तर कारवाई. चहाच्या रांगेत उभं असतानाच सगळ्यांच्या सह्या घेतल्या. काटेवाला, म्हणजे ओट्यावर दुधाचे कॅन तोलणारा माणूस, म्हणाला, "माझी जवळीक काट्याशी आहे. रोज मिठी मारतो. कळवू का वर?" सगळे हसले. तीही हसली आणि सही करून, चहा घेऊन बाजूला झाली. आपण ज्याला हसतोय ते आपलंच आहे असं तिला वाटलं नाही. असले नियम वरच्या मजल्यावरच्या पोरापोरींसाठी असतात, काचेच्या खोल्यांत बसणाऱ्या, एकमेकांच्या खुर्चीच्या पाठीवर हात टाकून बोलणाऱ्या. तिने पंचेचाळिशी ओलांडली होती. लग्न करायचं राहूनच गेलं होतं. ज्याच्याकडे ती दर रविवारी जायची तो दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर तिच्याहून मोठा, बायको जाऊन जमाना झालेला, एका मिळवत्या मुलाचा बाप. या वयाच्या माणसांत जे असतं त्यालाही जवळीक म्हणतात हे तिच्या ध्यानातच आलं नाही. तिला ती एक सवय वाटत होती, एका कुशीवर झोपायची सवय असते तशी.

मग एका सकाळी, शेवटची गाडी रिकामी झाल्यावर ती नळाखाली हात धूत होती, तेव्हा निळ्याने आपला फोन तिच्यापुढे धरला. निळ्या ओट्यावरचाच कामगार. नापास झालेल्या दुधात निळा रंग ओतणं हे त्याचं काम, त्यामुळे त्याच्या नखांच्या कडा बारा महिने निळ्या. "ताई, हे तुम्हीच ना?" तो म्हणाला. आवाजात खोडी नव्हती, काळजीच होती. ओट्याच्या छपराला कॅमेरा लावलेला होता, दूध चोरीला जाऊ नये म्हणून. त्याने वरून टिपलेलं ते राखाडी चित्र होतं. ड्रायव्हर मान वाकवून उभा आणि तिचा हात त्याच्या मानेशी, बोट कानामागे. कुणीतरी ते वाढवून वाढवून एवढं मोठं केलं होतं की बोटाचे चौकोन चौकोन पडले होते. खाण्यावर माशी बसावी तसं ते बोट तिथे बसलं होतं. हात आपलाच आहे हे तिला बाहीवरून ओळखावं लागलं. "कुणाकडून आलं?" तिने विचारलं. "सगळ्यांकडे आलंय," निळ्या म्हणाला. "वर बोलावलंय तुम्हाला. आंघोळ करून या म्हणाले."

आंघोळ करून या, हे शब्द जिना चढेपर्यंत तिच्या अंगाला चिकटून होते. जसं काही वर जायचं म्हणजे आधी स्वतःला धुवून घ्यायला हवं. तिने आंघोळ केली नाही, कारण ती तशीही दुसऱ्या कुणाहून जास्त स्वच्छ होती. तिचं काम नाकाचं होतं. गाड्यांमधून कॅन उतरले की ती एकेक झाकण उचलायची, उलटं करून नाकाशी धरायची, एक छोटा श्वास घ्यायची आणि मान हलवायची. झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाची सगळी हकीकत साचलेली असते. आंबटपणाची सुरुवात, गोठ्यातला दमटपणा, नीट न खंगाळलेल्या कॅनमधला साबण, आजारी गाईचा खारटपणा. ते सगळं नाकात शिरायचं तर नाक मोकळं हवं. म्हणून तिने आयुष्यात केसांना वासाचं तेल लावलं नाही, कामाच्या दिवशी कांदा खाल्ला नाही, अंगाला बिनवासाचा साबण सोडून काही लावलं नाही. भावजय थट्टेने म्हणायची, "वन्सं, तुमच्या खोलीत आलं की कुणी राहतच नाही असं वाटतं." ड्रायव्हरने तिच्यासाठी तंबाखू सोडली होती. तिने सांगितलं नव्हतं. एकदा त्याची गाडी लागल्यावर तिने नुसता चेहरा वळवला होता, तेवढ्यावर. पुढचे कितीतरी दिवस तो लवंग चघळत, चिडचिड करत, गाडीच्या पलीकडच्या बाजूला, वारा तिच्याकडे वाहणार नाही अशा जागी उभा राहायचा. आणि ते चित्रातलं बोट. पहाटे घाईत दाढी करून निघालेल्या माणसाच्या कानामागे फेस राहिला होता. त्या फेसाचा वास झाकणांत मिसळत होता, म्हणून तिने तो पुसला. निदान अर्धं कारण ते होतं. उरलेलं अर्धं कोणतं हे तिला त्या वेळी ठाऊक होतं आणि आता जिना चढताना ठाऊक असल्याची लाज वाटत होती. लाज तिची नव्हतीच, कुणीतरी जिन्यात टाकून गेलं होतं आणि तिच्या पायाला लागली होती.

खोलीत प्लांटचे साहेब होते आणि एचआरच्या मॅडम. मॅडमच्या पुढे नियमांचं पुस्तक, साहेबांच्या पुढे एका कागदावर संत्रं. ते संत्रं सोलत होते, सोलता सोलता त्यांनी मानेने खुर्ची दाखवली. सालीचा तुषार उडून टेबलावर बारीक ठिपके पडले. खिडक्या बंद होत्या, थंड हवेचं यंत्र चालू होतं आणि त्या हवेत फुलांचा म्हणून विकतात तो वास सोडलेला होता. तिने तोंडाने श्वास घ्यायला सुरुवात केली.

"कधीपासून?" साहेबांनी विचारलं.

"काय कधीपासून?"

"ते तुम्हाला माहीत. आम्ही काय सांगणार?"

"मोकळेपणाने बोला हं," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज फार मऊ होता, आजारी माणसाला औषध पाजतानाचा. "हे आपल्यातच राहणार आहे."

फोटो काटेवाल्याच्या फोनवर होता, निळ्याच्या फोनवर होता, कदाचित फाटकावरच्या माणसाच्याही. आणि हे आपल्यातच राहणार होतं. तिने मॅडमकडे पाहिलं. बाई खोटं बोलत नव्हती, तिला ते खरंच वाटत होतं, आणि तेच जास्त ओंगळ होतं.

"त्यांच्या घरी जाता?"

"जाते. रविवारी."

"किती वेळ थांबता?"

"जेवण होईपर्यंत."

"नुसतं जेवण?" साहेबांनी एक फोड तोंडात टाकली, चावली आणि बी जिभेवर आणून बोटाने काढली. "बरं, आधी हात कुणी लावला?"

थंडीचे दिवस होते ते. लोखंडी झाकणं उचलून उचलून तिची बोटं बधिर झाली होती, इतकी की एक झाकण हातातून सुटून ओट्यावर वाजत गेलं. ड्रायव्हरने तिला गाडीच्या पुढच्या बाजूला नेलं, तिचे दोन्ही तळहात इंजिनावरच्या गरम पत्र्यावर ठेवले आणि वरून आपले हात ठेवले, ती काढून घेईल म्हणून. पत्रा थरथरत होता. तिला हात परत आल्यासारखे वाटले. एवढंच. हे सांगितलं तर ते साहेबांच्या त्या ओल्या, पिवळट बोटांत जाईल, ते त्याचीही बी काढून कागदावर ठेवतील, असं वाटून ती म्हणाली, "आठवत नाही."

"आठवत नाही," साहेब मॅडमना म्हणाले, आणि मॅडमनी ते लिहून घेतलं. "त्याच्या गाडीचं वाईट दूध कधी पास केलंत?"

"नाही."

"कधीच नाही?"

"उलट त्याचं जास्त कडक बघते."

"म्हणजे फरक करता."

या खोलीत जे बोलावं ते चिकट होऊन परत येत होतं. मॅडमनी दार उघडून ड्रायव्हरला आत घेतलं. तो टोपी हातात धरून आला आणि बस म्हटलं तरी बसला नाही. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. साहेबांनी त्याला फोटो दाखवला, तोही त्याने नीट पाहिला नाही, लांबूनच मान हलवली. मग म्हणाला, "तसं काही नाही साहेब. बाई चांगल्या आहेत. मला बहिणीसारख्या आहेत."

खोलीत सगळ्यांनाच हायसं वाटल्यासारखं झालं. मॅडम पहिल्यांदा हसल्या. साहेबांनी उरलेलं संत्रं त्याच्यापुढे सरकवलं, "घ्या," आणि त्याने घेतलं. तो नको म्हणू शकला असता. त्याने एक फोड सोडवली आणि हातातच धरून ठेवली, खायची की नाही ते न कळून, आणि तिला वाटलं की आपण याच माणसाच्या ताटात हात घालून जेवलो आहोत, याच्या उशीवर डोकं ठेवलं आहे. बहिणीसारख्या. शिवी दिली असती तर तिने पचवली असती. हा शब्द तिच्या अंगावरून फिरला आणि मागच्या सगळ्या रविवारांवर एक ओशट थर पसरवत गेला. साहेब म्हणाले, दोघांचं म्हणणं जुळत नाही, सोमवारी परत बसू, तोवर नीट आठवून या.

घरी भावजय दारातच भेटली, कडेवर एक मुलगी. "वन्सं, फोटो ह्यांच्याकडेपण आलाय," ती हळूच म्हणाली. "ह्यांनी बघितला आणि लगेच पुसून टाकला. काही बोलले नाहीत." भाऊ आत दुसऱ्या मुलीला मांडीवर हलवत होता आणि जरुरीपेक्षा जास्त जोरात हलवत होता. तो बहिणीशी त्या दिवशी फक्त गॅस संपत आल्याचं बोलला. भावजयीने मुलगी तिच्याकडे द्यायला हात पुढे केले. एरवी ती कामावरून आली की दोघींच्या मानेत नाक खुपसायची. बाळांच्या मानेच्या वळ्यांत दूध वाळून जो आंबूस वास येतो त्याच्यापुढे दिवसभराची झाकणं फिकी होती. आज तो वास आला आणि तिने हात मागे घेतले. "हात धुवायचेत," ती म्हणाली. आई कोपऱ्यात खाटेवर बसली होती. तिला अर्धं ऐकू यायचं नाही, पण नेमकं जे लपवावं ते ऐकू यायचं. "माणूस कसा आहे?" तिने विचारलं.

"भित्रा आहे."

"भित्रा तर तुझा बापही होता. पालीला बघून खुर्चीवर चढायचा."

"हे तसं नाही गं."

"मग कसं आहे?"

रात्री ती जेवली नाही. भात समोर आला, त्यातून वाफ निघाली आणि वाफेला संत्र्याचा वास होता.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरची गाडी नेहमीच्या वेळी लागली. त्या दिवशी त्याच्याबरोबर एक गोठेवाली आली होती, चांगली दणकट बाई, शहरात काही काम होतं म्हणून आपल्या कॅनबरोबर गाडीतच बसून आलेली. काटेवाला म्हणाला, "चला, भाऊरायांची गाडी आली," आणि दोघं-तिघं हसले. म्हणजे बंद खोलीतला तो शब्दही खाली उतरला होता. ड्रायव्हर गाडीतून उतरला नाही. तिने पहिलं झाकण उचललं, उलटं केलं, श्वास घेतला. आणि तो आला. आंबट नव्हता, साबण नव्हता, गोठा नव्हता. बंद खोलीतला, बोटांवर वाळलेला, गोड आणि शिळा असा वास होता, आणि तो झाकणात होता. तिच्या नाकाला ते स्पष्ट कळत होतं. तिने तळहात उभा केला. ओट्यावर तळहात उभा केला म्हणजे नापास. पूर्वी नापास झालेलं दूध लोक दुसऱ्या डेअरीत नेऊन खपवायचे, म्हणून तिथे रीत अशी होती की तळहात वर झाला की त्याच क्षणी रंग पडायचा. लॅबचं काय ते मागाहून. निळ्याने क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि ओतलं. दुसरं झाकण. तोच वास. तळहात. तिसरं. काटेवाल्याचं हसणं बंद झालं. ती झाकणामागून झाकण उचलत गेली आणि प्रत्येकात तेच होतं. तिला एकदाही असं वाटलं नाही की आपण सूड घेतोय. सूड असता तर मजा वाटली असती. तिला नुसता तो वास येत होता आणि ती आपलं काम करत होती. गाडीतला शेवटचा कॅनही निळा झाला, तेव्हा गोठेवाली तिच्यापुढे येऊन उभी राहिली.

"बाई, काय निघालं दुधात?"

तिने हातातलं झाकण खाली ठेवलं.

"नाही, भांडायला आले नाही मी. नापास तर नापास. पण काय निघालं ते सांगाल की नाही? आंबलं? चाऱ्याचा वास? मी गोठ्यात जाऊन काय शोधू? कुठल्या गाईला दोष देऊ?"

इतकी वर्षं ती प्रत्येक नापासाला नाव देत आली होती, याला नाव नव्हतं. लॅबमधली मुलगी तोवर खाली आली, हातात नमुन्याच्या नळ्या. ती कानाशी वाकून म्हणाली, "ताई, चांगलं आहे हो सगळं. एकातही काही नाही." मग तिने स्वतः वाकून निळ्या दुधात बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं. दूध गोड होतं, ताजं, थोडं गवताळ, पहाटे काढलेल्या दुधासारखं. त्यात काहीच नव्हतं. जे होतं ते तिच्या आत होतं आणि तिने ते कॅनोकॅन दुसऱ्यांच्या दुधात ओतलं होतं. त्या क्षणी तिला साहेबांची, मॅडमची, ड्रायव्हरची नाही, स्वतःच्या नाकाची किळस आली. एवढं जपलेलं, वासाचं तेल न लावता, कांदा न खाता सांभाळलेलं हे नाक, आणि एका खोलीत अर्धा तास बसवल्यावर ते त्यांचं होऊन गेलं. गोठेवाली अजून उभी होती. "चूक माझी आहे," ती तिला म्हणाली. "तुमच्या गाईंना काही झालेलं नाही." गोठेवालीने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं, "मग रंग घालायच्या आधी नाही कळलं?" म्हणाली आणि निळं दूध गटारात जाताना बघत राहिली.

युनियनच्या काकांनी तिला संध्याकाळी फाटकाबाहेर गाठलं. काका बॉयलरवर काम करायचे, निवृत्तीला आलेले, आणि बोलता बोलता समोरच्याच्या शर्टाचं बटण धरायची त्यांना खोड होती. बाईमाणूस असलं की ते स्वतःचंच बटण धरायचे. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "आधी हात कुणी लावला, असं विचारलं? आणि तू ऐकून घेतलंस?"

"मग काय करायला हवं होतं?"

"उठायला हवं होतं. अगं, सही केलीस त्या नियमातच लिहिलंय. बोलावलं तर आपल्यातलं एक माणूस सोबत न्यायचा तुला हक्क आहे. काम सोडून अंगाबिंगाचं विचारायचा त्यांना हक्क नाही. आणि जवळीक हा काही गुन्हा नाही. कळवली की नोकरी जात नाही, एकाची जागा बदलते, बस. कुणी बदलायची ते तुम्ही दोघांनी ठरवायचं, त्यांनी नाही."

"मग अडलंय कुठे?"

"अडलंय त्या बहिणीपाशी. कळवायचं तर दोघांनी. एकाचं हो आणि एकाचं नाही, याला नियमात जागा नाही. वर तू आता एक गाडी दूध घालवलंस. रागाने घालवलं म्हणतील आणि ओट्यावरून काढतील, कदाचित घरीच बसवतील. त्याने सोमवारी हो म्हटलं तर दूधसुद्धा मी त्यातच मिटवून घेईन. छळ झाला, मन ठिकाणावर नव्हतं, असं सांगू. तू फक्त त्याला तयार कर. बाकी मी बघतो."

काका भले माणूस होते. तरी 'मिटवून घेईन' म्हणताना त्यांचा चेहरा उजळला तो तिने पाहिला. गाडीभर दूध, साहेबांचा प्रश्न, तिचे रविवार, सगळं एकत्र मळून काकांना त्याची एक चांगली केस करता येणार होती. पण ओटा तिला हवा होता. ओट्यावाचून ती कोण हे तिला सांगता आलं नसतं. विशीत आली होती तिथे. नाक सोडून तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं, आणि नाकाला ओटा सोडून जागा नव्हती.

रविवारी दुपारी ती त्याच्याकडे गेली. दार त्यानेच उघडलं. मुलगा बाहेर पाठवलेला. टेबलावर दोन ताटं मांडलेली होती, जसं काही मधे काही घडलंच नाही, आणि तो पाव कापत होता, काळजीपूर्वक, सारख्या जाडीचे तुकडे करत.

"मुलगा अजून कच्चा आहे कामावर," तो पावाकडे बघत म्हणाला. "डेअरीच्याच वर्कशॉपमध्ये घेतलाय, पण पक्का केलेला नाही. साहेबांनी मला आत बोलवायच्या आधी मुद्दाम त्याचंच विचारलं. कसा आहे मुलगा, म्हणे."

"हे मला तिथे माहीत नव्हतं."

"आणि मला वाटलं, बहीण म्हटलं की तुझी अब्रू राहील."

"माझी?"

"दोघांची." सुरी थांबली. "तू माझी सगळी गाडी निळी केलीस. मी काही बोललो?"

"ते तू बोलायला हवं होतंस."

मग त्याने सुरी बाजूला ठेवली आणि म्हणाला, "उद्या सांगतो मी. हो म्हणतो. जागा मी बदलतो, दुसऱ्या प्लांटला जातो. लांब पडेल, पडू दे. तू ओट्यावर राहा. मुलाचं जे व्हायचं ते होईल." हे तो मनापासून बोलत होता. ती ज्यासाठी आली होती ते सगळं त्याने न मागता टेबलावर ठेवलं होतं. तो उठून तिच्याजवळ आला, खांद्यावर हात ठेवला. तो नुकताच न्हालेला होता, तिच्याच त्या बिनवासाच्या साबणाने. त्याला कसलाच वास नव्हता. तंबाखूचा नाही, डिझेलचा नाही, घामाचा नाही. आणि तरी तिचं अंग त्या हाताखालून आक्रसलं. किळस यायला काहीतरी घाण असावी लागते, काहीतरी नासलेलं, असं ती आयुष्यभर समजत आली होती. इथे काही नासलेलं नव्हतं. एक थकलेला, पडेल, बरा माणूस होता, जो एकदा घाबरला होता आणि आता धीर धरत होता. तिला त्याची दया येत होती, त्याचं म्हणणं पटत होतं, आणि तो हात कधी उचलतो याची ती वाट पाहत होती. त्याने संत्र्याच्या त्या फोडीचं पुढे काय केलं, खाल्ली की टाकली, एवढं एकच तिला विचारावंसं वाटलं. तिने विचारलं नाही. ती जेवायला बसली, पावाचा एक तुकडा खाल्ला, आणि "उद्या ये," म्हणून निघाली.

सोमवारी काका तिच्या शेजारच्या खुर्चीत बसले, स्वतःचं बटण धरून. साहेबांपुढे या वेळी काही खायला नव्हतं. मॅडमनी नियम वाचून दाखवला आणि विचारलं. ड्रायव्हर उभा राहिला. "आहेत," तो म्हणाला. "आमचे संबंध आहेत. मागच्या वेळी मी खोटं बोललो. मी जागा बदलायला तयार आहे." पाठ केल्यासारखं म्हणाला, पण नीट म्हणाला, आणि खाली बसताना त्याने पहिल्यांदा त्या खोलीत तिच्याकडे पाहिलं. सगळे तिच्याकडे पाहू लागले. आता तिने आहेत म्हणायचं, सही करायची आणि उद्या पहाटे ओट्यावर उभं राहायचं. तो शब्द तिच्या तोंडात आलाही. पण तो म्हटला की त्या खोलीने त्याला तोंड लावल्यासारखं झालं असतं. मग तो कपाटात जाणार, शिक्का घेऊन बाहेर येणार, आणि दर रविवारी त्याच्याबरोबर साहेब आणि मॅडमही जेवायला बसणार.

"होते," ती म्हणाली.

काकांनी टेबलाखाली तिच्या पायावर पाय दिला.

"होते म्हणजे काय?" साहेब म्हणाले.

"मागच्या वेळी या खोलीत येईपर्यंत होते. आता नाहीत."

मॅडमनी पुस्तकाची पानं उलटली, पुढे, मागे. "संपलेल्याबद्दल यात काही नाही," त्या साहेबांना म्हणाल्या, आणि त्यांचा मऊ आवाज पहिल्यांदाच गोंधळला.

"म्हणजे लपवलं होतं, हे तर खरं?"

"तुम्ही विचारलंत तेव्हा मी नाही म्हटलं नाही. तुम्ही काय विचारलंत तेही लिहून घ्या. आधी हात कुणी लावला, नुसतं जेवण का. त्याच शब्दांत लिहा. खाली तुमचं नाव घाला." तिचा आवाज चढला नव्हता. "आणि दूध. ते चांगलं होतं, मी घालवलं. त्याची काय शिक्षा असेल ती द्या. पण ती दुधाची म्हणून द्या. याची म्हणून दिलीत तर मी घेणार नाही."

"अगं, थांब जरा," काका पुटपुटले. ड्रायव्हर टोपीची कड चाचपत होता. साहेबांनी खिडकीकडे पाहिलं. मॅडमचं पेन कागदावर टेकलेलं होतं. मग मॅडमनी लिहायला सुरुवात केली, पहिला प्रश्न, दुसरा. लिहिताना त्या तोंडाने श्वास घेत होत्या.

शिक्षा मिळाली. तिला ओट्यावरून काढून कॅन धुवायच्या शेडमध्ये टाकलं. चांगलं दूध नापास केल्याबद्दल, असं हुकमात होतं. तिने काकांकडून तो दोनदा वाचून घेतला, त्यात दुसरं काही नव्हतं. साहेबांना काही झालं नाही, फक्त त्यानंतर खालच्या कुणाला वर बोलवायचं झालं तर काका सोबत गेल्याशिवाय कुणी जिना चढेना. शेडमध्ये वाफ असते आणि सोड्याचा उग्र वास, तो सहा महिन्यांत नाक बोथट करतो. तिचं झालं. नंतर नंतर तिला दूध आणि पाणी यांतला फरक जिभेनेच कळायचा. ड्रायव्हरची जागा कुणी बदलली नाही, कारण बदलायला आता कारणच उरलं नव्हतं. त्याची गाडी रोज लागायची, रिकामे कॅन शेडच्या दारात यायचे, कधी तो स्वतः उतरवून द्यायचा. "बरी आहेस?" "बरी आहे." मुलगा वर्कशॉपमध्ये पक्का झाला. भावाच्या मुली बोलायला लागल्या.

ड्रायव्हर त्यानंतरच्या तिसऱ्या वर्षी, थंडी सरता सरता, एका बुधवारी दुपारी वारला. गाडीवर नाही, घरी. जेवून आडवा झाला होता, छातीत दुखतंय म्हणाला, मुलगा पाणी घेऊन येईपर्यंत संपलं होतं. छप्पन्न वर्षांचा होता. दुसऱ्या दिवशी त्याच्या गाडीचे रिकामे कॅन दुसऱ्याच कुणी शेडच्या दारात उतरवले; तिने एक झाकण उलटं करून नाकाशी धरलं, आणि तिला कसलाच वास आला नाही.